कानाआड

मी सूर वाजवलाच नव्हता, तरी आजीबाईनं बटण दाबलं. माझ्या कान तपासायच्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि विझला. काचेपलीकडे, भिंतींना जाड फोम लावलेल्या त्या कपाटाएवढ्या खोलीत ती कानांवर हेडफोन चढवून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, पाठ ताठ, बटण मांडीवर दोन्ही हातांत धरलेलं, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते तशीच. मला वाटलं, यंत्र बिघडलं. म्हणून मी पुन्हा नुसतं मनगट हलवलं. बोट कळीवर ठेवलं, दाबलं नाही. दिवा लागला. मग मी हात अगदी स्थिर ठेवला आणि कोपराखालच्या दुसऱ्या कळीनं चार हजार हर्ट्झचा उंच सूर सोडला, चांगला मोठा, शेजारच्या खोलीतल्या झाडूवालीनंही मान वर केली असती एवढा. दिवा लागला नाही. आजीबाई शांत. माझ्या मनगटाकडे बघत होती. पेशंटची खुर्ची आम्ही नेहमी आडवी ठेवतो, त्याला आमचा हात दिसू नये म्हणून. पण आत जाताना तिनं ती वळवून घेतली होती. "उजेड डोळ्यावर येतो गं," म्हणाली होती. आणि मी वळवू दिली होती, कारण पस्तीस वर्षांपासूनच्या मैत्रिणीला खुर्ची सरळ कर म्हणणं मला बरं वाटलं नव्हतं. संताप यायला हवा होता. आला तो आनंद. पोटातून वर चढणारा, गुदगुल्या करणारा, लपवायला ओठ दाबावे लागतात असा. मी आणखी चार वेळा मनगट हलवलं. चारही वेळा ती लबाडी हिरवी होऊन माझ्यासमोर लुकलुकली.

बावीस वर्षं मी हे काम करते, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या शेजारी. माणसं कानाच्या बाबतीत जेवढी खोटं बोलतात तेवढी वयाच्या बाबतीतही बोलत नाहीत. म्हातारे म्हणतात, ऐकू येतं, ही बायकोच पुटपुटते. बायका म्हणतात, ऐकू येतं, लक्ष नसतं एवढंच. काहीजण ऐकू येत असून येत नाही म्हणतात, कारण त्यांना कारखान्यातून सुट्टी हवी असते. मला सगळ्यांची सारखीच कीव येत असे. कीव हा शब्द मी सभ्यपणा म्हणून वापरते. पण आजीबाई त्यांच्यातली नव्हती, असं निदान तीच सांगत आली होती. परिचारिकांच्या वसतिगृहात आम्ही एकोणीस वर्षांच्या होतो तेव्हा तिला हे नाव पडलं. कुणाचं काही बिघडलं की ती पलंगावर मांडी घालून बसायची आणि पवित्र शास्त्रातलं एक वचन काढून द्यायची, आजीबाई बटव्यातून औषध काढते तसं. पोटदुखीला वेगळं, प्रेमभंगाला वेगळं. पुढे मी परिचर्या सोडून कानाच्या तपासणीकडे वळले, ती नवजात बाळांच्या विभागाची प्रमुख झाली, आणि रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत आयांचा वर्ग घेऊ लागली. मैत्री कशी करावी, खरं कसं बोलावं, मुलं कशी वाढवावीत. पवित्र शास्त्रातल्या त्या शहाण्या राजाची नीतिवचनं आणि त्यांना जोडून आजीबाईच्या गोष्टी. मी महिन्यातून एकदा जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचे. परत येताना म्हणायचे, "छान झाला हं आजचा वर्ग." आणि घरी येऊन जेवताना तिची नक्कल करायचे, मान जराशी कलती करून, "बायांनो, जीभ लहान, पण आग केवढी लावते." माझी मुलगी हसून हसून ताटावर वाकायची. ती तेव्हा नऊ वर्षांची असेल.

हेडफोन काढून, केस सारखे करत आजीबाई बाहेर आली. "झालं? कसं आहे?" तिनं विचारलं. पन्नाशी उलटलेल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची दर वर्षी तपासणी होते, डोळे आणि कान. दाखल्यावर सही माझी असते. तिच्या विभागात अठरा काचेच्या पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीला एक गजर. बाळाचा श्वास अडला की तो वाजतो. उंच, पातळ, सुईसारखा सूर, नेमका तसाच जो तिला ऐकू येत नव्हता. हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी आता पुष्कळदा स्वतःला विचारते, तेव्हा लक्षात आलं नसेल का. आलं होतं. मी म्हणाले, "ठीक आहे. कागद उद्या देते." ती हसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "देव तुझं भलं करो." देवाचं नाव घेऊन निघाली, खोटारडी. पायऱ्या चढतानाची तिची पाठ मी बघत राहिले. रुंद, भरभक्कम, कधी कशानं वाकली नाही अशी पाठ. मला ती पाठ कधीच आवडली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा ती माझ्या मालकीची झाल्यासारखी वाटली.

कारण एकदा तिनं मला खरं सांगितलं होतं. माझा नवरा घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. तो गेला त्या आठवड्यात सगळ्यांनी मला हवं ते सांगितलं. बहीण म्हणाली, नालायकच होता. पाळक म्हणाले, परीक्षा असते. शेजारीण म्हणाली, पुरुषांची जातच तशी. आजीबाई आली, तिनं आधी स्वयंपाकघरातली चार दिवसांची भांडी घासली, हात पुसले, समोर बसली आणि म्हणाली, "रागावू नको. पण तू त्याच्याशी नेहमी वरून बोलायचीस. तो काही बोलला की तू आधी एक श्वास सोडायचीस. आम्ही पाहुणे असलो तरी. मला त्याची लाज वाटायची, आणि त्याहून जास्त तुझी भीती." मग ते वचन आलंच: मित्र जखम करतो ती भरवशाची, शत्रू मुके घेतो ते मोजता येत नाहीत. मी मान डोलावली. तिला कॉफी करून दिली. "बरं झालं बोललीस," असंही म्हणाले. आणि त्या दिवसापासून अकरा वर्षं मी तिला मुके दिले. वाढदिवसाला भेट, वर्गाला हजेरी, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रोज फळं. एकही जखम नाही. तिचा एकुलता एक मुलगा, शास्त्राप्रमाणे वाढवलेला, शेवटी बसडेपोत मेकॅनिक झाला, तेव्हा मी म्हणाले, "हाताला काम असणं महत्त्वाचं." तो दर रविवारी तिला फोन करतो आणि ती फोनवर मोठमोठ्यानं हसते. मला ते हसणं असह्य होतं. मेकॅनिकचा फोन आला म्हणून एवढं काय हसायचं?

संध्याकाळी जेवताना मी मुलीला सगळं सांगितलं. ती आता सोळाची आहे, रविवारी चर्चच्या गायनात उभी राहते, आजीबाईला मावशी म्हणते. मी चमचा बटणासारखा मांडीवर धरला, डोळे अर्धे मिटले, मान कलती केली, दुसऱ्या हातानं मनगट हलवलं आणि चमच्यावर अंगठा दाबला. "टिक. टिक. आणि सूर कुठाय? सूर नाहीच!" मुलगी हसली. अगदी पूर्वीसारखी, ताटावर वाकून. मग पाणी प्यायली. म्हणाली, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? ठीक आहे म्हटलं."

"ठीक आहे?"

"उद्या बघू. घाई काय आहे?"

तिनं नाकातून एक श्वास सोडला. लहानसा. बोलण्याआधी. मी हातातला चमचा खाली ठेवला. "तू तिला सांगणार नाहीस," मुलगी म्हणाली. "तुला हेच आवडतं. तिला माहीत नसणं आणि तुला माहीत असणं."

"कुणाशी बोलतेयस तू?"

"आई, कुणाशीच नाही. जेव तू." आणि तिनं माझ्या ताटात भात वाढला, पेशंटला वाढावा तसा, न बघता. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिला हे कुणी शिकवलं, हा प्रश्न मनात आला, आणि मी तो कानाआड केला. एकदा, ती आठ वर्षांची असताना, तिनं शेजाऱ्यांच्या दाराची काच फोडली होती आणि "मी नाही फोडली" असं मला सांगितलं होतं. मी आजीबाईला विचारलं होतं, काय करू? ती म्हणाली होती, आधी तू लहानपणी बोललेलं एखादं खोटं तिला सांग, मग तिला विचार. मुलाला वाट दाखवायची तर आपण त्या वाटेवर पुढे चालावं लागतं, मागून ढकलून नाही चालत. मी म्हणाले होते, किती छान. घरी येऊन मी मुलीसमोर उभी राहिले, काही बोलले नाही, फक्त हसले, मला सगळं माहीत आहे असं. ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, बारकाईनं, जणू काही पाठ करत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. अजून सही नव्हती. सांगायचं ठरवलं होतं की नाही, खरंच ठाऊक नाही. मुलीला चुकीचं ठरवायचं होतं एवढं नक्की. नवजात विभागाला काचेचं दार आहे. आजीबाई दाराकडे पाठ करून, टेबलापाशी, हातरुमालाएवढी दुपटी घडी करत उभी होती. दुसऱ्या रांगेतली तरुण नर्स पलीकडे एका बाळाच्या पायाला पट्टी लावत होती. तेवढ्यात आजीबाईच्या मागे, चार पावलांवर, एका पेटीचा गजर वाजायला लागला. दारातून मला स्पष्ट ऐकू आला. पेटीवरचा तांबडा दिवाही लागला होता, पण दिवा तिच्या पाठीमागे होता. तिनं एक दुपटं घडी केलं. त्यावर हात फिरवून ते सारखं केलं. दुसरं उचललं. मी बघत होते. मला माझं म्हणणं तिथं, दिवसाढवळ्या, खरं होताना दिसत होतं आणि ते पूर्ण व्हावं असं मला वाटत होतं. दाराची मूठ माझ्या हातात होती. परिचर्येचं शिक्षण मी तिच्याइतकंच घेतलेलं आहे. बाळाच्या तळपायावर टिचकी कशी मारायची हे मला येतं. तरुण नर्सनं मान वर केली, पट्टी तशीच टाकली, धावली, पेटीच्या गोल झरोक्यातून हात घातला. बाळाचा पाय हलला. गजर थांबला. "सिस्टर, मी बघितलं, मी बघितलं," ती घाईघाईनं म्हणाली, आणि त्या घाईवरून कळलं की हे पहिल्यांदा होत नव्हतं, सगळा विभाग म्हातारीला सांभाळून घेत होता. आजीबाई वळली. तिनं आधी पेटीकडे बघितलं, मग नर्सकडे, मग दारातल्या माझ्याकडे.

"तू कधीपासून उभी आहेस?" तिनं विचारलं.

"आत्ताच आले."

कपड्यांच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरींच्या थप्प्या, धुण्याच्या सोड्याचा वास. मी दार लावलं. "तुला उंच सूर ऐकू येत नाहीत," मी म्हणाले. "दोन्ही कानांनी."

"मी दिवे बघते. सारखी बघत असते."

"आत्ता बघत होतीस?"

तिनं थप्पीवरच्या चादरीची कड सारखी केली.

"आणि काल तू माझं मनगट बघत होतीस. मी सूर न वाजवता हात हलवला. सहा वेळा. तू सहाही वेळा बटण दाबलंस." सहा हा आकडा उच्चारताना मला किती बरं वाटलं, ते सांगायला शब्द नाहीत. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला, कपाळापासून खाली. वाटलं, आता रडेल, आता एखादं वचन काढेल, आता हात जोडेल. तिन्हीची माझी तयारी होती. ती म्हणाली, "म्हणजे तुला कालच कळलं."

"हो."

"मग काल ठीक आहे का म्हणालीस?"

खाली कुठेतरी लिफ्टचं दार आपटलं. मी काय बोलणार होते? मैत्रिणीला दुखवायचं नव्हतं म्हणून? हे वाक्य जिभेवर आलंही. पण ते इतकं गुळचट होतं की माझं मलाच हसू आलं. मी वेगळं काढलं. तिच्याच बटव्यातलं. "तूच सांगतेस ना वर्गात, मित्र जखम करतो ती भरवशाची? घे मग. आज केली."

तिनं एक चादर उचलली, उलगडली, पुन्हा घडी केली. "ते वचन जखम करणाऱ्यानं नाही गं म्हणायचं," ती म्हणाली. "ज्याला लागतं ना, त्यानं स्वतःची समजूत घालायला म्हणायचं असतं." मग माझ्या हातातला कागद घेतला, खिशातलं पेन काढलं, खाली स्वतःची सही केली आणि वरची जागा माझ्यासाठी मोकळी ठेवली. "खरं आहे ते लिही. मेट्रनकडे मीच घेऊन जाते. मला भीती वाटत होती. विभाग गेला तर मी काय करू, हेच दिसत होतं मला. बाळं दिसत नव्हती." एवढं बोलून ती बाहेर गेली. तिला वाटली असेल तर लाज वाटली. माझ्यासारखं काही झालं नाही. मी तिथंच चादरींमध्ये उभी राहिले आणि मनात म्हणाले, बघा, हिला चोरी पकडल्यावरही शहाणपण सुचतं. हा तिरस्कार मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवला, कारण तो सोडला असता तर हातात काय उरलं असतं? दाराची मूठ.

तिची बदली लसीकरणाच्या खोलीत झाली. तिथं गजर नाहीत. बाळं रडतात, पण ते रडणं कुणालाही ऐकू येतं. रविवारी मी वर्गाला गेले नाही. मुलगी गेली, आणि आल्यावर बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मावशीनं सगळ्यांना सांगितलं. तिनं खोटं बटण दाबलं ते. एक बाळ तिच्या पाठीमागे श्वास घ्यायचं थांबलं होतं, तेही. रडली नाही. सांगितलं फक्त. म्हणाली, बायांनो, मुलांना खरं बोल म्हणण्याआधी हे सांगायला हवं होतं."

"कबुलीचाही कार्यक्रमच केला म्हणायचा," मी म्हणाले. "आणि माझं नाव?"

मुलीला कळलं नाही. "तुझं? तुझं काय?"

"काही नाही."

"एक बाई म्हणाली, ज्यांनी तपासलं त्यांचे उपकार आहेत. मावशी म्हणाली, हो, आहेत." मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती, तशीच बारकाईनं. त्या दिवसानंतर तिनं जेवताना मला कुणाची नक्कल करायला सांगितली नाही. मी एकदा आपण होऊन केली, पाळकांची. ती हसली नाही, आणि मी मध्येच थांबले. बारा दिवसांनी ती म्हणाली की आता रविवारी दुपारी ती मावशीकडेच जेवेल. मी म्हणाले, जेव की, मला काय. ती गेली की घर इतकं शांत व्हायचं की मला यंत्राच्या खोलीची आठवण यायची.

दीड महिन्यानं आजीबाई श्रवणयंत्रं बसवून घ्यायला आली. दुसरीकडे जाऊ शकली असती; शहरात माझ्यासारखे पाच जण आहेत. मला वाटलं होतं, जाईल. मीच तिला तसं सुचवणारी चिठ्ठी पाठवली होती, सभ्य शब्दांत. ती माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली, पिशवी पायाशी ठेवली. पावसाळी कोट काढताना तिचा खांदा दुखत होता म्हणून मी बाही ओढून दिली. आम्ही फार बोललो नाही. मी यंत्रांचे साचे तिच्या कानांत बसवले, तारा सरळ केल्या, संगणकावर तिचा आलेख उघडला. खरा आलेख. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, बरा, आणि उजवीकडे, उंच सुरांपाशी, कड्यावरून पडावा तसा खाली गेलेला. हे असं एका दिवसात होत नाही. दहा, बारा वर्षं लागतात, आणि माणसाला कळत नाही. उंच सूर गेले की आधी पक्षी जातात, घड्याळाची टिकटिक जाते, मग बोलण्यातली धार जाते. स, श, च, छ बोथट होतात. दातांच्या फटीतून सुटलेला श्वास तर ऐकूच येत नाही. माणसांची बोलणी उशीतून आल्यासारखी मऊ, गोलसर लागतात. हे मी रोज नातेवाइकांना समजावून सांगते. मी यंत्रं चालू केली आणि नेहमीचं वाक्य बोलले: "माझा आवाज कसा येतोय?"

ती दचकली. हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाले. "आणखी बोल," ती म्हणाली.

आम्ही अशा वेळी वार म्हणून दाखवतो. मी वार म्हटले. सोमवारपासून शनिवारपर्यंत, मग रविवार. ती मान कलती करून ऐकत होती, मी अकरा वर्षं जिची नक्कल केली तीच कलती मान, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी हळूहळू उतरत गेलं. रुग्णांचे चेहरे या वेळी उजळतात. कुणी रडतं, कुणी हसतं. ती नुसती ऐकत होती.

"काय झालं? टोचतंय?"

"नाही," आजीबाई म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, कुणी हवेबद्दल बोलावं तसं: "तू हॉस्टेलवर अशीच बोलायचीस. मग मधे, तुझा नवरा गेला त्यानंतर कधीतरी, तू मऊ झालीस. मला वाटलं, माझं बोलणं तुला लागलं, तू मनावर घेतलंस. किती वर्षं मी त्यासाठी देवाचे आभार मानलेत."

बाहेर क्ष-किरणवाल्यानं कुणाचा तरी नंबर पुकारला. माझा हात आपोआप कळफलकाकडे गेला. "उंच सूर थोडे कमी करता येतात," मी म्हणाले. "सवय होईपर्यंत. पुष्कळांना सुरुवातीला बोचतात."

"नको," ती म्हणाली. "आहे तसं राहू दे." तिनं खुर्ची थोडी पुढे ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी, आणि माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहू लागली. "बोल ना. काहीही बोल."

मी तोंड उघडलं. बोलण्याआधीचा श्वास घेतला, आणि तो नाकातून सुटू नये म्हणून तसाच धरून ठेवला. ती ऐकत होती. माझ्याजवळ पस्तीस वर्षांची वाक्यं होती, आणि त्या कानांत घालावं असं एकही मला सापडेना.